तांडा हलवायच्या आधी

माणूस चंद्रावर उतरला त्या साली मी माझी तीज चुलीतल्या राखेत पेरली होती. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा सगळ्या तांड्याने माझ्याकडे असं पाहिलं होतं, जसं काही मी पिण्याच्या विहिरीत रॉकेल ओतून आले.

ज्यांना तीज ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. श्रावणात राखी झाली की आमच्या बंजारा तांड्यांवर लग्न न झालेल्या पोरी दुरडीत गहू पेरतात. माती वारुळाची आणायची, तिच्यात शेळ्यांच्या लेंड्या कुस्करून घालायच्या, भिजवलेला गहू त्यात दाबायचा आणि सगळ्या दुरड्या नायकाच्या घरी सावलीत ओळीने मांडायच्या. नायक म्हणजे तांड्याचा कारभारी. मग रोज सांज-सकाळ गाणी म्हणत पाणी घालायचं. ऊन म्हणून लागू द्यायचं नाही, त्यामुळे कोंब हिरवे न होता पिवळेधमक वाढतात, हळद लागलेल्या नवरीसारखे. जिची तीज उंच तिचं नशीब उंच, आणि सगळ्यांच्या दुरड्या भरून आल्या तर त्या साली तांड्याचं पीकपाणी बरं, असा समज. गोकुळाष्टमी आटोपली की दुरड्या डोक्यावर घेऊन नाल्यावर जायचं, मूठभर कोंब उपटून भावांच्या पागोट्यात खोवायचे, बाकीचे पाण्यात सोडायचे आणि एकमेकींच्या गळ्यात पडून रडायचं. का रडायचं ते कोणी विचारत नाही. आज एका सुरात गाणाऱ्या पोरी पुढच्या श्रावणापर्यंत कुठल्या कुठल्या तांड्यावर नांदायला गेलेल्या असतात, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं.

तर अशा या पवित्र कामात मी राख घातली. शब्दशः घातली.

त्याचं असं झालं. मी तेव्हा सातवीत. दोन वेण्या, त्यांना लाल रिबिनी, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर स्वतःचं मत. सातवी शिकणारी पोरगी म्हणजे आमच्या तांड्यावर आकाशवाणीचं केंद्रच. फरक इतकाच की केंद्र रात्री बंद व्हायचं. फुलसावंगीच्या शाळेत गुरुजींनी वर्तमानपत्र वाचून दाखवलं, की चंद्रावर माणूस चालून आला, तिथली माती राखेसारखी भुरभुरीत आहे, आणि आज ना उद्या माणसं तिथे राहायलाही जातील. मुलं खिडकीतून चंद्र शोधायला लागली. भर दुपारी. मी मात्र शोधत नव्हते. माझ्या डोक्यात हिशेब पक्का झाला होता. घरदार पाठीवर घेऊन जायची सवय कोणाला? आम्हाला. आमच्या पणज्या-खापरपणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून, धान्य लादून अर्धा मुलूख पायाखाली घातला. त्या लादून नेण्याला आम्ही लदेणी म्हणतो. मग चंद्रावर पहिला तांडा कोणाचा बसायला पाहिजे? आणि बसायचाच आहे तर आधी तिथल्या मातीत गहू येतो की नाही, हे कोणी तरी पाहायला नको का?

ते कोणी तरी म्हणजे मीच, यात मला तिळमात्र शंका नव्हती. याडीची, म्हणजे माझ्या आईची, नजर चुकवून मी चुलीतली राख चाळून दुरडीत भरली, वरून वारुळाच्या मातीचा पातळ थर पसरला आणि चेहरा असा ठेवला, की जशी मीच सगळ्यात गरीब गाय.

हा श्रावण परत आला तो आमच्या गच्चीवर बादल्या घेऊन. यवतमाळला मी मुलाकडे राहते, लोहाऱ्याच्या बाजूला. शिक्षिका म्हणून निवृत्त झाले त्यालाही आता बराच काळ झाला. पाऊस उघडला की गच्चीवर शेवाळ धरतं, तुळशीला मंजिऱ्या येतात, हवेत ओल्या सिमेंटचा आणि कोणाच्या तरी घरच्या भज्यांचा वास असतो. दर वर्षी एवढंच असतं. या वर्षी त्यात काळ्या दगडाच्या भुकटीने भरलेल्या बादल्या आल्या. गिट्टीच्या खदानीवर दगड फोडताना जी बारीक चुरी उडते, ती. माझी नात प्राची पोतंभर घेऊन आली आणि गच्चीवर ओतून बसली. शेजारीण जिन्यावरून डोकावून म्हणाली, "काय बाई, वरचा मजला काढून राह्यले काय?"

"नाही," मी म्हटलं, "मंगळ काढून राह्यलो."

प्राची कृषी महाविद्यालयातून एमएस्सी झाली आहे. तिचा विषय माती. पण तिचा जीव अडकला आहे तो या पृथ्वीच्या नव्हे, मंगळाच्या मातीत. तिने मला सांगितलं, की आपला हा यवतमाळचा काळा दगड आणि मंगळावरचा दगड एकाच कुळातले, दोघेही तापलेल्या रसातून थिजलेले. मला ते ऐकून बरं वाटलं. परक्या गावात आपल्या आडनावाचं माणूस निघावं तसं. "पण आजी," ती म्हणाली, "आपल्या दगडाची माती झाली, कारण त्यात पावसाने, किड्यांनी, मुळांनी कामं केली. तिथे कोणी कामालाच आलं नाही. वरून त्या मातीत एक विषारी क्षार आहे. तो धुवून काढल्याशिवाय काही खायचं पिकवता येणार नाही."

"धुवायला पाणी?"

"बर्फ आहे. खोदून, वितळवून घ्यायचं. अन् एकदा घेतलं की तेच पाणी पुन्हा पुन्हा."

"पुन्हा पुन्हा म्हणजे?"

तिने सांगितलं. आंघोळीचं, घामाचं, श्वासातलं, आणि आणखी कुठलं तेही. मी तोंडाला पदर लावला. मग मला आमच्या तांड्यावरचे उन्हाळे आठवले. तांदूळ धुतलेलं पाणी भाजीत, भाजी धुतलेलं ढोरांच्या घमेल्यात, आंघोळीचं अंगणातल्या कारल्याच्या वेलाला. एकच घागर दिवसभरात चार घरच्या पाहुण्यासारखी फिरायची. पदर मी हळूच काढला.

आता खरी गोष्ट. प्राचीला परदेशातून बोलावणं आलं आहे. तिथल्या एका विद्यापीठात मंगळावर असल्यासारखं एक बंदिस्त घर बांधलं आहे. सहा माणसं आत जातात, दार लागतं, आणि वर्षभर उघडत नाही. आतच पिकवायचं, आतच खायचं, तेच पाणी, तीच हवा, तीच सहा तोंडं. चार वर्षांचं शिक्षण, त्यातलं एक वर्ष त्या घरात. आणि कुणी सांगावं, या पोरांच्या हयातीत खरोखरच माणसं तिकडे गेली, तर गहू पेरणारं कोणी तरी लागेलच. प्राची हे मोठ्याने बोलत नाही. पण रात्री जेवण झाल्यावर ती गच्चीवर उभी राहते तेव्हा कुठे पाहते, ते मला दिसतं.

दिलीपला, माझ्या मुलाला, हे मुळीच मान्य नव्हतं. तो कचेरीत नोकरी करतो, त्यामुळे नाही म्हणायची त्याला सवय आहे.

"पुसदचं इतकं चांगलं स्थळ आलं," तो म्हणाला, "ते पाहाचं सोडून हे पोरगी दगडाले पाणी घालून राह्यली. अन् म्हणते चार वर्षं जातो. गेली का मंग येते काय कोणी परत?"

"बाबा, येईन नं."

"सारेच म्हणतात येईन."

सून पोळ्या लाटत होती. तिने लाटणं जरा जोरात आपटलं. ती लेकीच्या बाजूने होती. पण दिलीप हुशार. त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "याडीनं हो म्हटलं तं माहं काही म्हणणं नाही."

त्याला पक्कं ठाऊक होतं की मी हो म्हणणार नाही. ही पोरगी माझ्या मांडीवर वाढली. माझ्या डोळ्यांत थेंब ती घालते, दर रविवारी डोक्याला तेल ती लावते, आणि माझ्या जुन्या गोष्टींना शंभराव्यांदा हसते तीही तीच. माझा निकाल त्याने आधीच लावून ठेवला होता. आणि खरं सांगू का, त्याचा अंदाज बरोबर होता. मी म्हटलं, "तीज होऊ द्या. मंग सांगतो." तीजेला आम्ही तांड्यावर जाणारच होतो. तोवरचे दिवस मी गुडघे दुखण्यात काढले. एरवी ते इतके दुखत नाहीत.

गुडघ्यांवरून आठवलं. एके दिवशी मी कण्हत जिना चढले, तर प्राची म्हणाली, "आजी, मंगळावर तुझं वजन इथल्या तिसऱ्या हिश्श्याच्या थोडं वर भरेल."

"मग मलाच ने."

"पण हाडं ठिसूळ होतात तिथे."

"माझी इथेच झाली आहेत. तिथे निदान हलकी तरी राहतील."

ती हसली. मग बादलीजवळ उकिडवी बसून म्हणाली, की तिथून बोललं तर आवाज इथवर पोचायला काही मिनिटं लागतात, आणि उत्तर यायला तेवढीच. म्हणजे भांडण सुद्धा नीट करता येत नाही. मी म्हटलं, "तुझ्या बापाला मी स्वयंपाकघरातून हाक मारली तर तो अर्ध्या तासाने ओ देतो. आपल्याला सवय आहे." म्हातारीने मध्येच आवंढा गिळला की लोकांना वाटतं सुपारी असेल. एक सोय आहे वयाची.

नायकबापूंची आठवण मला त्याच दुपारी आली. सातवीतल्या त्या पंडितेने राख पेरल्यावर थेट त्यांच्याकडे मोर्चा नेला होता. नायकबापू अंगणात खाटेवर बसले होते. डोक्याला मळकं लाल पागोटं, हातात चिलीम. मी त्यांना चंद्राबद्दल सगळं सांगितलं आणि आपला तांडा तिकडे हलवावा असा प्रस्ताव ठेवला. दुसरा कोणी असता तर कानाखाली काढली असती. ते मात्र गंभीर झाले. तांडा हलवायचा म्हटला की जे प्रश्न विचारतात, ते त्यांनी एकेक करून विचारायला सुरुवात केली. बोलणं आमच्या गोरबोलीत झालं, इथे आपल्या सगळ्यांच्या वऱ्हाडीत मांडते.

"पाणी किती दूर हाय?"

"पाणी नाही म्हणतात गुरुजी."

"बरं. चारा?"

"नाही."

"जळतण?"

"तेही नाही."

"हवा तरी हाय का वो माय?"

"हवाही नाही."

नायकबापूंनी चिलीम खाली ठेवली. "मंग चिलीम पेटन कशी?"

पण सातवीतली पोरगी निरुत्तर झाली तरी गप्प बसत नाही. मी म्हटलं, सगळं इथून लादून नेऊ. पाणी, चारा, हवासुद्धा. ते हसले नाहीत. म्हणाले, "लादून नेऊ बी. लादाचं तं आपल्याले समजते. पण दोन घरांत भांडण झालं तं? इथं म्या म्हणतो, जाय, चार दिवस बहिणीच्या तांड्यावर राहून ये. डोकं थंड होते. तिथं बहिणीचा तांडा कुठून आणू?"

हे मी प्राचीला सांगितलं तेव्हा ती चुरीत बोटाने रेघा ओढायला लागली. मग म्हणाली, की त्या बंदिस्त घरात जाणाऱ्यांची स्वभावाची परीक्षा घेतात. कोण चिडतं, कोण अबोला धरतं, कोणाला दुसऱ्याच्या खाण्याचा आवाज सहन होत नाही. "तू पास होशील?" मी विचारलं. "मी तुझ्याबरोबर एका खोलीत वाढले," ती म्हणाली, "मला परीक्षेशिवाय घ्यायला पाहिजे."

मी तिला विचारलं, की जायचंच कशाला? इथे काय वाईट आहे? चारशे प्रश्न, एक धड उत्तर नाही, आणि इतका आटापिटा. तिने मला पुस्तकातलं सांगितलं. कधी काळी आभाळातून मोठा दगड येऊन आदळला, अर्धी जीवसृष्टी संपली. पुन्हा असं झालं तर माणसाचं बी कुठे तरी दुसरीकडे असलेलं बरं. मला हे समजायला दगड लागला नाही. माझी आजी लदेणीची शेवटची आठवण सांगायची, तिच्या लहानपणची. नदी उतरताना सगळं मीठ एका बैलावर लादायचं नाही, असा दंडक होता. बैल कितीही तगडा असो. तो घसरला तर मीठ नदीचं होतं. दहा बैलांवर थोडं थोडं लादलं, की एक घसरला तरी नऊ पलीकडे जातात. आपण सगळे, आपली गाणी, आपलं गव्हाचं बी, आपली भांडणं, सगळं मीठ एकाच बैलावर लादून बसलो आहोत. बैल तगडा आहे, यात वाद नाही.

पण त्याच आजीची दुसरी गोष्टही मी तिला सुनावली. मुक्काम हलवायच्या दिवशी पोरवयातली आजी सगळ्यात मागे राहायची. चुलीचे खड्डे मातीने बुजवायची, दगड बाजूला करायची, राख वाऱ्यावर उडू नये म्हणून पाणी शिंपडायची. मागून येणाऱ्याच्या बैलाचा पाय खड्ड्यात जाऊ नये म्हणून. बैल कोणाचा, हे ठाऊक नसायचं. "तुम्ही लोक," मी प्राचीला म्हटलं, "इथल्या चुली न बुजवताच निघाले तर मी वरून खाली ओढीन."

ती शांतपणे म्हणाली, "आजी, एका घरात सहा माणसांनी बादलीभर पाण्यावर कसं जगायचं, हे शिकलो तर ते आधी इथेच लागेल. मार्च-एप्रिलमध्ये आपल्या जिल्ह्यातच लागेल."

यावर मी चहा मागितला.

राखेच्या दुरडीचं पुढे काय झालं ते राहिलंच. तिसऱ्या दिवशी सगळ्या पोरींच्या दुरड्यांत पांढरी टोकं दिसायला लागली. माझ्या दुरडीत काहीच नाही. मी दुप्पट पाणी घातलं. राखेचं गिलावा करण्याजोगं पीठ झालं आणि आंबूस वास सुटला. जमनी नावाची माझी मैत्रीण होती. मैत्रीण म्हणजे काय, जन्मजात वैरीण. ती रोज सकाळी माझ्या दुरडीपाशी यायची, कान लावायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायची, "तुह्या चंद्रावर उजेड पडला का वो अजून?" पाचव्या दिवशी नायकीणबाईंनी दुरडीत बोट घातलं आणि सगळं उघड झालं. त्या रागाने लाल झाल्या. एका दुरडीचं वांझ राहणं म्हणजे तांड्यावर अपशकुन. दुरडी बाहेर फेका, म्हणाल्या. माझी याडी दाराशी उभी होती, तिची मान खाली. तेव्हा कुठे सातवीतल्या विदुषीला कळलं, की आपण चंद्राचा नाही, आईचा तमाशा केला.

नायकबापू आले. त्यांनी दुरडी पाहिली, राखेची चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकली. म्हणाले, "फेकू नका. नवी वस्ती बसते तवा एकट्यानं नाही बसत." मग प्रत्येक पोरीला त्यांनी आपल्या दुरडीतला एक झुपका मुळासकट, मातीच्या ढेकळासकट काढायला लावला आणि माझ्या राखेत रोवायला सांगितला. पोरींची तोंडं वाकडी झाली, कारण झुपका दिला म्हणजे आपलं नशीब तेवढं विरळ झालं. जमनीने सगळ्यात बारका झुपका दिला. दिला मात्र. ती ठिगळांची दुरडी विसर्जनाच्या दिवसापर्यंत तग धरून होती. काही कोंब लोळले, पण बरेचसे उभे राहिले.

प्राचीच्या गच्चीवरही तसंच चाललं होतं, फक्त शिव्या कमी. एका बादलीत नुसती चुरी. दुसऱ्या बादलीत चुरी, आणि तिच्यात तांड्यावरून आणलेली मूठभर वारुळाची माती. गहू दोन्हींत उगवला. बियात स्वतःची शिदोरी असते, ती संपेपर्यंत तो कुठेही उगवतो, असं तिने सांगितलं. शिदोरी संपल्यावर पहिल्या बादलीतला गहू जागच्या जागी थांबला, टोकं पिवळी पडली. दुसऱ्या बादलीतला वाढत राहिला. मूठभर मातीतले न दिसणारे जीव दगडात कामाला लागले होते.

"हा शोध मी सातवीत लावलेला आहे," मी छाती पुढे काढली.

"तू शोध नाही लावला, आजी. तू नासवलं. शोध नायकबापूंनी लावला."

"नासवल्याशिवाय शोध लागतो का?"

ती म्हणाली, हे वाक्य ती तिच्या प्रबंधात घालेल. अजून तरी घातलेलं नाही.

विसर्जनाच्या दिवशी आम्ही सगळे गाडीने तांड्यावर निघालो. दिलीप चालवत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघाभर, कपाशीला पात्या लागलेल्या, आणि मधूनच एखाद्या तळ्यात पांढरे बगळे. मी काय सांगणार, याची तिघेही वाट पाहत होते, आणि मी खिडकीतून बगळे मोजायचं नाटक करत होते.

तांडा आता ओळखू येत नाही. सिमेंटची घरं, अंगणात मोटरसायकली, टेकाडावर मोबाईलचा मनोरा. नायकबापूंच्या घराच्या जागी त्यांच्या नातवाचं किराणा दुकान आहे. पण दुरड्या त्याच जागी, दुकानामागच्या खोलीत, सावलीत ओळीने मांडलेल्या. पोरींनी घागऱ्यावर आरसे लावलेले, हातात मोबाईल, आणि गाणी मात्र आमचीच. सूर लागला की माझ्या अंगावर काटा येतो, कारण त्या सुरात मला माझाच तेव्हाचा चिरका आवाज ऐकू येतो. मी सगळ्यात मोठ्याने आणि सगळ्यात बेसूर गायचे. कोणी सांगितलं नाही कधी.

नाल्यावर पाणी गढूळ आणि भरून होतं. पोरींनी दुरड्या काठावर ठेवल्या. एकीची दुरडी माझ्यासमोरच होती. मी वाकून पाहिलं. पिवळे कोंब हातभर उंच, एकमेकांना टेकून उभे. खाली मुळांचं जाळं इतकं दाट झालेलं, की माती दिसतच नव्हती. बोटाने दुरडीची कड दाबली तर मुळं वेताच्या फटींतून बाहेर आलेली. हे कोंब आणखी चार दिवस असेच सावलीत ठेवले तर लोळतात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. दर वर्षी पाहते. त्या दिवशी मात्र मी ती दुरडी पाहत उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं, की मी गेले कितीक दिवस गुडघे दुखवत होते ते कशासाठी.

पोरी रडायला लागल्या. एकमेकींच्या गळ्यात पडून, नाक ओढत, मध्येच मोबाईल वर धरून. प्राची माझ्या बाजूला उभी होती. तिचा हात माझ्या दंडाला. त्या हाताला अजून चुरीचा वास होता, ओल्या दगडाचा.

दिलीप मागून आला. "मंग, याडी?"

मी म्हटलं, "जाऊ दे तिले."

प्राचीचा हात माझ्या दंडावर घट्ट झाला, इतका की बांगडी रुतली. नाल्यात कोंबांचे झुपके वाहत चालले होते, वळणावरच्या दगडाला अडकत होते, पुन्हा सुटत होते.

मग दिलीप अगदी हळू आवाजात म्हणाला, "अन् परत नाही आली तं?"

हा प्रश्न त्याने कचेरीतल्या साहेबासारखा विचारला नव्हता. लहानपणी अंधारात पाणी प्यायला उठताना विचारायचा, याडी तू जागी हाय का, तसा विचारला होता. मंगळाला जायची वाट सव्वादोन वर्षांनी एकदा जवळ येते, एवढं मी शिकले होते. परतीच्या वाटेबद्दल मला कोणी छातीठोकपणे सांगितलेलं नव्हतं, आणि परदेशाच्या वाटेबद्दलही नाही.

जमनी आमच्या पुढ्यात काठावर बसून पाय धूत होती. तीच जमनी, बारक्या झुपक्याची, घरजावई आणल्यामुळे याच तांड्यावर राहिलेली. आता दात नाहीत, ऐकू मात्र नको तेवढं येतं. प्राचीला गोरबोली अर्धीच कळते, म्हणून जमनी मुद्दाम वऱ्हाडीत बोलली. प्रश्न दिलीपचा होता, पण तिने मान वळवली ती माझ्याकडे, आणि लुगड्याला ओले हात पुसत म्हणाली, "तू शिकायले यवतमाळले गेलती नं वो, तवा तुहा बाप इथंच बसून रडे, का गेली माही पोरगी, आता काही येत नाही. अन् येऊन येऊन तुनं माह्या घरची साखर संपवली."